अनुभव निरंक: देवळीच्या एका डोणीची कैफियत

मित्रांनो, मी एक जुनी दगडी डोणी आहे, लोहाराच्या भट्टीवरची पाण्याची टाकी. कुंडी नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आज तुम्ही मला पाहायला आलात तर वर्ध्याच्या एका तंत्रशिक्षण संस्थेच्या फाटकाशी मी तुम्हाला दिसेन. माझ्या पोटात लाल माती भरलेली आहे, मातीत बोगनवेल लावलेली आहे आणि पाण्याचा निचरा व्हावा म्हणून माझ्या बुडाला छिन्नीनं एक छिद्र पाडलेलं आहे. जिच्यातलं पाणी साठ वर्षं कधी आटू दिलं नाही, तिच्या बुडाला छिद्र! शेजारी पत्र्याचा एक बोर्ड ठोकलाय. त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलंय, ‘पारंपरिक लोहार-डोणी. पूर्वी अशिक्षित कारागीर हिच्यात अंदाजाने लोखंडाला पाणी देत असत.’

अंदाजाने! रोज उजाडलं की हा शब्द माझ्या डोळ्यांपुढे. दगडाला राग येत नाही, असं तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. येतो, मित्रांनो, चांगलाच येतो. आम्हाला उठून कोणाच्या थोबाडीत देता येत नाही, एवढंच.

तर ऐका. देवळीच्या पलीकडल्या एका खाणीत माझा जन्म झाला. एका पाथरवटानं सतरा दिवस खपून मला काळ्या दगडातून कोरून काढलं. नत्थूजी लोहारानं मला बैलगाडीत घालून आपल्या भट्टीवर आणलं. यवतमाळच्या रस्त्याला लागून त्याचं टिनाचं छप्पर होतं. आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात भट्टी होती आणि मला त्यानं मुद्दाम दाराशी, उजेडात ठेवलं. भट्टी अंधारात आणि डोणी उजेडात, ह्या दोन जागा तेवढ्या ध्यानात ठेवा. पुढे त्यांच्यावरूनच सगळं रामायण घडलं.

माझं काम असं. लोहार पातं तापवून, ठोकून घडवतो, पण ते मऊच असतं. पुन्हा लाल करून ते माझ्या पाण्यात बुडवलं की ते कडक होतं. ह्यालाच पाणी देणं म्हणतात. किती लाल करायचं ते भट्टीतल्या लोखंडाच्या रंगावरून कळतं, आणि तो रंग खरा दिसतो तो अंधारात. भर उजेडात तापलेलं लोखंडही काळपटच वाटतं. म्हणून भट्टीचा कोपरा अंधारा. पाण्यातून काढल्यावर पातं दगडावर घासलं की आतली ऊब धारेकडे सरकत येते आणि चकचकीत झालेल्या लोखंडावर एकामागून एक रंग उमटतात. ते रंग पाहायला उजेड हवा, म्हणून मी दाराशी. आधी पिवळा येतो, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. हवा तो रंग आला की पातं पुन्हा माझ्यात बुडवायचं, म्हणजे तो तिथंच थांबतो. नत्थूजीच्या घरात ह्या रंगांना स्वयंपाकघरातली नावं होती. तुरीच्या डाळीचा रंग आला की विळा तयार. वांग्याचा रंग आला की वखराची पास तयार. पास म्हणजे वखराचं ते लांब पातं, जमिनीत शिरून तण कापणारं. विळ्याला धार हवी म्हणून डाळ, आणि पासेला दगडधोंड्यांशी झुंजायचं म्हणून वांगं. ह्याला कोणी अंदाज म्हणत असेल तर घड्याळात वेळ पाहणं हाही अंदाजच म्हणायचा.

आणखी एक रीत होती. माझं पाणी कधी उपसायचं नाही. कमी झालं तर वरून थोडं घालायचं, बस्स. दसऱ्याला मला हळदकुंकू वाहायचे, पण पाण्याला हात लावायचे नाहीत. काळंभोर दिसायचं ते पाणी. नवखा माणूस नाक मुरडायचा.

१९६६ साली नत्थूजीच्या थोरल्या मुलाशी, तानबाशी लग्न होऊन रुख्मिणी आली. माहेर तळेगावचं, श्यामजीपंताच्या तळेगावचं. तिथंही भट्टीच होती. नत्थूजीनं सुनेला एक अक्षर शिकवलं नाही. त्या म्हाताऱ्यावरही माझा राग आहे, तो आत्ताच सांगून टाकते. विद्या घरातल्या पुरुषाच्या हाती ठेवायची, असा त्याचा खाक्या होता. रुख्मिणीच्या वाट्याला आला घण. नवरा सांडशीत पातं धरणार, बायको वरून घण घालणार. पण घण घालणाऱ्याला डोळे असतात, हे नत्थूजी विसरला. तिनं पाहून पाहून सगळं उचललं.

१९७३ मध्ये तानबा काविळीनं गेला. नत्थूजी त्याच्या आधीच गेला होता. मागे राहिली सासू कौशल्याबाई, धाकटा दीर चंद्रभान आणि रुख्मिणी. तेराव्यानंतर चवथ्या दिवशी रुख्मिणीनं भट्टी पेटवली आणि सांडशी स्वतःच्या हातात घेतली. कौशल्याबाई भात्यावर बसली. रस्त्यावरून जाणारे थबकून पाहायचे. बाईमाणूस पाणी देणार म्हणून गिऱ्हाईक फिरकेना. शेवटी रूपराव नावाचा एक शेतकरी आला. त्याचा वखर अडला होता आणि दुसरीकडे जायला त्याला सवड नव्हती.

“वयनी, जमन का तुमाले?” त्यानं विचारलं.

“नाई जमलं तं माह्या डोक्यात हानजो,” रुख्मिणी म्हणाली.

ती पास रूपरावच्या वखराला पुढची चार वर्षं होती. त्यानंतर देवळीच्या आसपासच्या गावांतून लोक येऊ लागले. पेरणीच्या आधी तर माझ्याभोवती वखरांची रांग लागायची. ते माझे सोन्याचे दिवस होते, मित्रांनो. चर्र आवाज करून लाल लोखंड माझ्यात शिरायचं, वाफ उठायची आणि रुख्मिणी पदरानं कपाळ पुसत म्हणायची, “बसलं पाणी.” तिला ते आवाजावरून कळायचं. मलाही कळायचं.

चंद्रभानला तिनं भट्टीवर बसू दिलं नाही. “भाऊजी, तुमी शिका,” म्हणायची. वर्ध्याला त्याची शाळा झाली, नागपूरला यंत्रकामाची पदविका झाली. १९८२ साली तो पास होऊन आला तेव्हा रुख्मिणीनं अख्ख्या गल्लीत पेढे वाटले आणि माझ्या काठावरही एक पेढा ठेवला. मुलगा हुशार होता, ह्यात शंका नाही. पुस्तकं रचून ठेवायचा, आकृत्या काढायचा, इंग्रजीत पत्रं लिहायचा. मला काही त्याच्या शिक्षणाचा दुस्वास नव्हता. मी त्या पेढ्याला साक्षी आहे.

१९८३ च्या पावसाळ्यात बातमी आली की रस्ता रुंद होणार आणि आमचं छप्पर मार्चपर्यंत जाणार. त्याच सुमारास देवळीच्या बाहेर कारागिरांसाठी गाळे बांधून तयार होत होते. त्यातला एक गाळा लोहारकामाला ठेवला होता. तो मिळाला तर भट्टी टिकणार, नाही तर साठ वर्षांची भट्टी रस्त्याखाली जाणार. रुख्मिणी बस पकडून गाळे देणाऱ्या वर्ध्याच्या सरकारी ऑफिसात गेली. संध्याकाळी परत आली ती तणतणतच. सांडशी अशी आपटली की माझं पाणी हललं.

“काय झालं वं?” कौशल्याबाईनं विचारलं.

“फारम भरला. तो बाबू मले म्हने, शिक्षण? म्या म्हटलं, नाई. म्हने, अनुभव? म्या म्हटलं, सतरा वर्षं. म्हने, कुठं नोकरीले होत्या? म्या म्हटलं, नोकरी कायची बापा, माह्याच भट्टीवर. मंग म्हने, दाखला कोनाचा? म्या म्हटलं, देवळीतल्या कोन्याबी वावरात चाला, वखर उलटा करून पाहा, तोच दाखला. तं हासला. अन् त्या अनुभवाच्या घरात लिहिलं काईतरी. म्या विचारलं, काय लिहिलं? म्हने, निरंक.”

“निरंक म्हंजे?”

“म्हंजे काईच नाई.”

सतरा वर्षं. त्या सतरा वर्षांत किती हजार पाती माझ्यात बुडाली, ते मी मोजलं नाही, पण एकही मी विसरले नाही. आणि ज्यानं आयुष्यात विळ्याला धार लावली नसेल, त्या माणसानं बसल्या जागेवरून लिहून टाकलं की काहीच नाही! मला त्या दिवशी पहिल्यांदा दगड असल्याची लाज वाटली. मी कागद असते तर कोणाच्या तरी उपयोगी पडले असते.

रुख्मिणीचा अर्ज परत आला. मग चंद्रभाननं आपल्या नावानं अर्ज केला. पदविका होती, अर्ज चालला. अट एवढीच होती की त्या ऑफिसाची समिती भट्टीवर येऊन समोर काम करून घेईल आणि मग गाळा देईल. तारीख ठरली ती जानेवारीतली. काम कोण करणार, ह्यावर घरात बोलणंच झालं नाही. रुख्मिणीनं गृहीत धरलं होतं की पाणी आपणच देणार. चंद्रभाननं गृहीत धरलं होतं की अर्ज आपला म्हणजे काम आपलं.

तारखेच्या तीन दिवस आधी रुख्मिणीची आई वारल्याचा निरोप आला आणि ती तळेगावला गेली. इकडे चंद्रभान तयारीला लागला. साहेब येणार म्हणून त्यानं छप्पर झाडलं, भिंतींना चुना दिला. इथवर ठीक होतं. मग म्हणाला, “किती अंधार हाये इथं! साहेबाले दिसन काय?” आणि भट्टीमागच्या भिंतीत त्यानं खिडकी पाडली. दुपारचं ऊन थेट विस्तवावर पडू लागलं. कौशल्याबाई म्हणाली, “बापू, तुह्या वहिनीले येऊ दे.” तो म्हणाला, “आई, तुले नाई समजत.”

मग तो माझ्याकडे वळला. माझ्या काळ्या पाण्याकडे पाहून त्याला शरम वाटली. साहेबांपुढे हे असलं पाणी! त्यानं बादलीनं ते उपसलं आणि अंगणात ओतून दिलं. राखेनं मला घासून काढलं. पहाटे विहिरीवरून ताजं, गार पाणी आणून मला काठोकाठ भरलं. तळ दिसेल इतकं स्वच्छ. नत्थूजीनं, तानबानं, रुख्मिणीनं, तिघांनी राखलेलं पाणी एका सकाळी मातीत मुरलं. मला ओरडता येत नव्हतं. मी नुसती गार पडून होते.

समिती आली. तिघे होते. मुख्य साहेबांचं नाव प्रभाकरराव. गळ्यात मफलर, हातात फाईल. चंद्रभाननं पहिली पास भट्टीत घातली. खिडकीतून ऊन येत होतं. लोखंड तापलं तरी त्याला ते तापलेलं दिसेना, म्हणून त्यानं आणखी तापवलं. फार तापवलं. मग सांडशीनं धरून माझ्यात बुडवलं. माझ्या गार पाण्यात बुडबुड्यांचा नुसता कल्लोळ उठला आणि टण्‌कन आवाज झाला. पास मधोमध तडकली. दुसरी घातली, तीही गेली. थंडीच्या दिवसात चंद्रभानच्या कानशिलांवरून घाम ओघळत होता. प्रभाकररावांनी फाईल मिटायला घेतली.

त्याच वेळी रस्त्यावर एसटी थांबली आणि रुख्मिणी उतरली. हातात पिशवी, डोळे रडून सुजलेले. दारात आली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि जागच्या जागी थांबली.

“पानी कोनं बदलवलं?”

चंद्रभान खाली पाहत म्हणाला, “वहिनी, साहेबाईसाठी च्या पाहा न.”

चहा! बाईची आई जाऊन जेमतेम तीन दिवस झाले होते, घरची भट्टी तिच्या डोळ्यांसमोर बुडत होती आणि हा तिला चहा करायला सांगत होता. रुख्मिणीनं पिशवी खाली ठेवली. कोपऱ्यातलं पोतं उचललं आणि खिडकीवर टांगलं. भट्टी पुन्हा अंधारात गेली. मग तिनं लोखंडाचे दोन जाड तुकडे लाल करून माझ्यात टाकले, काढले, पुन्हा तापवून टाकले. असं सहा-सात वेळा केलं. माझ्यातले बुडबुडे निघून गेले, पाणी शांत झालं, ऊब आली. तिनं बोट बुडवून पाहिलं. प्रभाकरराव घड्याळ पाहत होते.

“बाई, हे काय चाललंय?”

“पान्याची थंडी काढून राह्यली, साहेब.”

मग तिनं तिसरी पास भट्टीत घातली. कौशल्याबाई न सांगता भात्यावर येऊन बसली. अंधारात लोखंडाचा रंग चढत गेला आणि हवा तिथं आला. रुख्मिणीनं ते उचललं आणि माझ्यात बुडवलं. चर्र. मला आवाजावरून कळलं. तिलाही कळलं. तिनं पास दगडावर घासली आणि दाराच्या उजेडात धरली.

“पाहा आता. डाळ आली... डाळ गेली... हे वांगं.” आणि पुन्हा माझ्यात.

प्रभाकरराव आधी डाळ-वांग्याला हसले. मग त्यांनी पास ऐरणीवर आपटली, कानशीनं घासून पाहिली, दगडावर मारली. ती टणटणीत राहिली. “उत्तम,” ते म्हणाले, “फारच उत्तम.” आणि फाईल उघडून त्यांनी गाळा मंजूर केला. चंद्रभान नत्थूजी ह्या नावानं.

“साहेब, काम तं म्या केलं,” रुख्मिणी म्हणाली.

“ते दिसलंच, बाई. पण अर्ज ह्यांचा आहे. तुमचं नाव नियमात बसत नाही. तुम्ही ह्यांच्या हाताखाली मदतनीस म्हणून राहू शकता.”

मित्रांनो, नियमांवर मी रागावणार नाही, नियमांना डोळे नसतात. साहेबांवरही थोडीच रागावेन, ते गाडीत बसून निघून गेले. पण चंद्रभान तिथंच उभा होता. त्याला एक वाक्य बोलता आलं असतं. ‘साहेब, हे ज्ञान वहिनीचं आहे, तसं लिहा,’ एवढंच. ज्या बाईनं घण घालून त्याला शिकवलं, तिच्यासाठी एक वाक्य. तो चुन्यानं माखलेली नखं खरवडत उभा राहिला. त्या गप्प बसण्यावर माझा सगळ्यात मोठा राग आहे, आणि तो अजून निवला नाही.

गाळ्यात आम्ही गेलो. दारावर पाटी लागली, ‘चंद्रभान कृषी अवजारे’. मला मागच्या भिंतीशी ठेवलं. आत तेलाचं पिंप आलं, कारण चंद्रभान म्हणाला की ट्रकच्या कमानीचं, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांचं लोखंड पाण्यात तडकतं, त्याला तेलच हवं. इथं मात्र मला खरं बोललं पाहिजे. त्याचं बरोबर होतं. कमानीचे पट्टे तेव्हा भंगारात स्वस्त मिळू लागले होते, आणि ते रुख्मिणीच्या हातूनही माझ्या पाण्यात तडकले होते. तिनं तेव्हाच विचारलं, “भाऊजी, हे तेलाचं कसं करतेत?” त्यानं सांगितलं. चार दिवसांत तिच्या हातात तेल बसलं. सगळी पाती एका मापाची कशी करायची, दूरच्या दुकानदारांना पत्रं कशी लिहायची, माल कसा बांधून पाठवायचा, हेही त्यालाच येत होतं. त्या गाळ्याची भरभराट दोघांमुळे झाली. फरक एवढाच की तिला विचारायची लाज वाटली नाही आणि त्याला पाच वर्षं वाटत राहिली. साधं पोलाद असलं की पातं मुकाट्यानं तिच्याकडे सरकवायचा. ‘का’ म्हणून कधी विचारलं नाही.

१९८७ साली ह्या संस्थेचे लोक गाळ्यावर आले. बागेत ठेवायला एखादी जुनी वस्तू हवी होती. रुख्मिणी माल पोचवायला पुलगावला गेली होती. चंद्रभाननं मला देऊन टाकलं. ती परत आल्यावर काय म्हणाली, ते मला माहीत नाही, कारण तोवर मी इथं होते आणि एक माळी छिन्नी घेऊन माझ्या बुडाशी बसला होता.

आणि मग गेल्या, १९८९ च्या जानेवारीतला तो दिवस. संस्थेच्या सभागृहात ‘यशस्वी लघुउद्योजक’ म्हणून चंद्रभानचं भाषण ठेवलं होतं. फाटकातून तो आला, कोट घातलेला, मागे जेवणाचा डबा घेऊन रुख्मिणी. केस पिकू लागले होते. त्याला हार घालून आत नेलं. तिला कोणी आत या म्हणालं नाही. ती इकडे तिकडे पाहत माझ्यापाशी आली आणि एकदम थांबली. माझ्या काठावर हात ठेवला. खाली वाकून बुडाशी बोट नेलं आणि ते छिद्र तिला लागलं.

“अगाई माय,” ती एवढंच म्हणाली आणि माझ्या काठावर बसली.

कर्ण्यातून चंद्रभानचा आवाज बाहेर येत होता. “विद्यार्थी मित्रांनो, पदवी महत्त्वाची आहेच, पण धंद्यात अनुभवाला पर्याय नाही.” टाळ्यांचा कडकडाट झाला. ज्या बाईच्या कागदावर अनुभव निरंक, ती बाहेर कुंडीच्या काठावर बसून त्या टाळ्या ऐकत होती. मला वाटलं, आपण इथंच मधोमध तडकावं.

उशिरा आलेली एक विद्यार्थिनी फाटकातून घाईनं आत चालली होती. कांता तिचं नाव, यंत्रकामाच्या वर्गातली. रुख्मिणीनं तिला थांबवलं. “बाई, ह्या पाटीवर काय लिहिलं, वाचून दाखवतं का?”

कांतानं वाचलं. ‘अंदाजाने’ ह्या शब्दावर रुख्मिणी उठून उभी राहिली.

“अंदाजानं? कोनं लिहिलं हे? त्यानं कधी पानी देलं काय? त्याले म्हनाव, डाळ अन् वांगं वळखून दाखव!”

“डाळ-वांगं म्हणजे काय, मावशी?” कांतानं विचारलं.

बस्स. तेवीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी विचारलं होतं. रुख्मिणी बोलू लागली आणि कांता वही उघडून लिहू लागली. अंधारी भट्टी, दाराशी डोणी, विळ्याला डाळ, पासेला वांगं. दोन पानं भरली. मग कांतानं विचारलं, “मावशी, वर तुमचं नाव लिहिते. अनुभव किती वर्षांचा लिहू?”

रुख्मिणीनं बोटांवर वर्षं मोजली. मग म्हणाली, “तेवीस. अन् ते खोडू नको बरं.”

भाषण संपलं. चंद्रभान हार हातात घेऊन घाईघाईनं बाहेर आला. “वहिनी, चाला, बस सुटून राह्यली.”

“सुटू द्या,” रुख्मिणी त्याच्याकडे न पाहता म्हणाली. “ह्या पोरीचं लिहून होऊ द्या.”

तो उभा राहिला. कांताच्या वहीत त्याची नजर गेली. वरचं नाव त्यानं वाचलं, त्यापुढचा आकडा वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. त्या सकाळी उपसलेल्या बादल्या त्याला आठवल्या असाव्यात, कारण तो हळूच खाली, जमिनीवर बसला. कोटासकट.

“वहिनी,” तो म्हणाला, “डोनीतलं जुनं पानी काऊन नाई बदलवत?”

“आता विचारलं?” रुख्मिणी म्हणाली. “नव्या गार पान्यात हवा असते, भाऊजी. तिचे बुडबुडे लोखंडाले चिकटते. जिथं बुडबुडा बसला तिथं मऊ राह्यते, बाजूले कडक होते. मंग ते आपसात ओढते अन् तडकते. जुन्या पान्यातली हवा केव्हाची निघून गेली असते.”

चंद्रभान हारातली फुलं कुस्करू लागला.

“हे आमच्या पुस्तकात होतं,” तो म्हणाला.

“काय?”

“हेच. बुडबुड्याईचं. शेवटच्या परीक्षेत प्रश्न आलता. म्या बरोबर लिहिलंतं, वहिनी. पुरे मार्क भेटले होते.”

कांताची पेन्सिल थांबली. रुख्मिणीनं त्याच्याकडे पाहिलं. ती ओरडली नाही. “पुरे मार्क भेटले,” ती म्हणाली, “अन् तुमी पानी उपसलं.”

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच. कांतानं जाताना बोर्डावरचा ‘अंदाजाने’ हा शब्द खडूनं खोडला होता. दुसऱ्या दिवशी माळ्यानं फाटकाशी नळी धरली आणि तो शब्द पुन्हा उघडा पडला. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते. खूप शिका, कॉलेजात जा, मोठी पुस्तकं वाचा. पण पिढ्यान्‌पिढ्या कोणी राखलेलं काही उपसायला जाल, तेव्हा बादली उचलायच्या आधी ज्यानं ते राखलं त्याच्यापाशी जा आणि विचारा, का म्हणून. त्याच्या नावापुढे निरंक लिहू नका. आणि कधी वर्ध्याला आलात, तर ही बोगनवेल दुसरीकडे लावा, माझं बूड बुजवा आणि मला पाण्यानं भरा. पाणी नवं असलं तरी चालेल. ते जुनं कसं करायचं, हे रुख्मिणीला माहीत आहे, आणि ती अजून देवळीत आहे.